खुनाचा पुरावा पहिल्या दिवशीच वाचवा : मराठवाड्याच्या आठ पोलीस अधीक्षकांना खुले पत्र

मा. पोलीस अधीक्षक,
छत्रपती संभाजीनगर ग्रामीण, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर आणि धाराशिव

सविनय नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. आपल्या आठ जिल्ह्यांपैकी एका जिल्ह्यात चाललेल्या खुनाच्या खटल्यात मी पंच साक्षीदार होतो. जी मेली ती माझी विद्यार्थिनी. पहिली ते चौथी माझ्याच वर्गात होती, पुढे तिच्या लग्नात अक्षता टाकायलाही मी होतो. त्या खटल्यातल्या आरोपीची सत्र न्यायालयानं नुकतीच निर्दोष मुक्तता केली. निकालपत्राची प्रत मिळवून मी ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली आणि मगच हे पत्र लिहायला बसलो.

गावाचं, ठाण्याचं, कुणा अधिकाऱ्याचं नाव मी लिहिणार नाही. एक तर मुलीची आई अजून त्याच गावात राहते. आणि दुसरं म्हणजे, बदली होऊन गेलेल्या एखाद्या फौजदाराला धारेवर धरून काही साधणार नाही. जे इथं घडलं ते आठही जिल्ह्यांत घडतं, हे जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या कुठल्याही वकिलाला विचारा.

न्यायाधीशांबद्दल माझी तक्रार नाही. त्यांच्यासमोर जे आलं त्यावर दुसरा निकाल देता आलाच नसता. सुटलेला माणूसच खुनी होता, असंही मी म्हणत नाही. न्यायालयानं त्याला सोडलं आहे आणि मला त्याचा मान आहे. पण तो निर्दोष असेल तर त्याची उमेदीची वर्षं विनाकारण तुरुंगात गेली आणि खरा खुनी आमच्यातच कुठंतरी उजळ माथ्यानं फिरतो आहे. तो दोषी असेल तर मुलीला न्याय मिळाला नाही. यातलं खरं काय, हे आता कधीच कळणार नाही. ते कळण्याची सोय पहिल्या काही दिवसांतच हातची गेली.

निकालानंतर तिची आई माझ्याकडं आली. म्हणाली, "सर, कोर्ट म्हणतंय पुरावा न्हाई. मंग माझ्या लेकीनं सवताच गळा आवळून घेऊन हिरीत उडी मारली का?" मला उत्तर देता आलं नाही. तो प्रश्न मी आपल्याकडे पाठवतो आहे.

या खटल्यात डोळ्यांनी पाहणारा कुणी नव्हता. बहुतेक खुनांत नसतोच. अशा वेळी सगळा भार परिस्थितिजन्य पुराव्यावर येतो, आणि तो कसा असावा हे सर्वोच्च न्यायालयानं 1984 च्या सारडा निकालात घालून दिलं आहे. देशभरातल्या सत्र न्यायालयांत आजही त्याचा दाखला दिला जातो. त्या खटल्यातली मृत विवाहिता बीडची लेक होती. मृत्यू पुण्यात झाला, पण तिनं माहेरी बीडला पाठवलेली पत्रं त्या खटल्यात पुरावा म्हणून वाचली गेली. खालच्या न्यायालयानं फाशी दिली, उच्च न्यायालयानं ती कायम केली आणि सर्वोच्च न्यायालयानं आरोपीला सोडलं. त्याच निकालात पाच कसोट्या आल्या, त्यांना वकील मंडळी पंचशील म्हणतात. प्रत्येक परिस्थिती पूर्णपणे शाबित झाली पाहिजे. ती आरोपीच्या दोषाशीच जुळली पाहिजे, आणि निर्णायक असली पाहिजे. दुसरी कुठलीही शक्यता उरता कामा नये. आणि साखळी इतकी पूर्ण हवी की आरोपी निर्दोष असेल असं मानायला वाजवी जागाच राहू नये. 'केला असावा' आणि 'केलाच आहे' यांतलं अंतर संशयानं भरून काढता येत नाही.

कसोटी कडक आहे आणि ती कडकच असावी. पण पुरावा नीट जपला तर आपल्या भागातले खटलेही तिला उतरतात. त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा 2006 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आपल्याच मराठवाड्यातला आहे. सून साप चावून मेली, असं माहेरी कळवलं होतं. शवविच्छेदनात गळा दाबल्यानं गुदमरून मृत्यू झाल्याचं निघालं. घराच्या चार भिंतींच्या आत बाई मेली आणि घरच्यांनी खोटं कारण सांगितलं, तर तेही साखळीतला एक दुवा ठरतं, असं न्यायालयानं म्हटलं आणि शिक्षा कायम राहिली. म्हणजे मुळात डॉक्टरच्या टेबलावर काम चोख झालं होतं, म्हणून पुढचा कायदा उपयोगी पडला.

आमच्याकडं काय झालं ते आता सांगतो.

महालक्ष्म्या उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी सासरच्या शेतातल्या विहिरीत सापडली. पावसाळ्याचे दिवस, विहीर काठोकाठ. दोरानं बाज सोडून तिला वर काढलं आणि धुऱ्यावर निजवलं. पोलीस पाटलानं निरोप दिला म्हणून मी पंच म्हणून गेलो, तोवर निम्मं गाव जमलं होतं. तिच्या गळ्यावर पुढून मागपर्यंत आडवा काळसर पट्टा होता. मी जमादारांना तो दाखवला. ते म्हणाले, "विहिरीची कपार लागली असेल गुरुजी." ठाण्यात आकस्मिक मृत्यूची नोंद झाली. विहिरीचा पंचनामा झाला, सह्या झाल्या. विहिरीपासून हाकेच्या अंतरावर आखाडा, म्हणजे शेतातलं छप्पर, होता, त्यात कुणी डोकावलंसुद्धा नाही. पुढं खुनाचं कलम लागलं तेव्हा त्या आखाड्याचाही पंचनामा झाला आणि त्यालाही मीच पंच होतो. तोवर कित्येक आठवडे उलटले होते. खालची जमीन शेणानं सारवून घेतलेली होती. सारवणातून बांगडीचा एक तुकडा वर आलेला मला दिसला, तो जप्त झाला. बाकी झटापट झाली होती की नव्हती, कुणाच्या पायाचे ठसे होते का, हे सारवणाखाली गेलं. बांगडीचा तुकडा तिचाच कशावरून, या बचाव पक्षाच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

माझी पहिली आणि सगळ्यांत मोठी तक्रार हीच आहे. 'आकस्मिक मृत्यू' असं कागदावर लिहिलं की सगळ्यांचे हात सैल पडतात. पट्टा दोरीचा असेल तर तो आडवा आहे की तिरपा, गळ्याभोवती पूर्ण आहे की एका बाजूला सुटलेला, यावरून दोरीनं गळा आवळणं आणि गळफास घेणं यांतला फरक न्यायवैद्यकाचा विद्यार्थीसुद्धा सांगतो. तो पट्टा दिसत असताना मुलगी विहिरीत पडून मेली असं धरून चालायचं कारण काय होतं?

1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम 176(3) नुसार सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैज्ञानिक तज्ज्ञानं घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आहे आणि त्याचं चित्रीकरण व्हायचं आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत दिलेली आहे. फॉरेन्सिक व्हॅन आल्या, चांगलं झालं. पण साहेब, ते कलम गुन्ह्याची खबर मिळाल्यावर जागं होतं. ठाण्यात कलम 194 खाली आकस्मिक मृत्यूची नोंद झाली असेल तर व्हॅन यायचं बंधन कुणावर राहतं? खून असूनही खून म्हणून न नोंदलेल्या मृत्यूलाच तज्ज्ञाची सगळ्यांत जास्त गरज असते, आणि नेमका तोच या तरतुदीच्या बाहेर पडतो. मराठवाड्यात विहिरीत, शेततळ्यात, औषध पिऊन, झाडाला लटकून होणारे मृत्यू रोजचे आहेत. त्यांतले बहुतेक आत्महत्या किंवा अपघातच असतात, मला मान्य आहे. पण कुठला त्यातला नाही, हे ठरवायची वेळ पहिल्याच दिवसाची असते.

दुसरी तक्रार शवविच्छेदनाची. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरवर मी दोष ठेवत नाही. एका हातानं बाळंतपणं करायची आणि दुसऱ्या हातानं शवविच्छेदन, असं त्यांचं जिणं आहे. त्यांनी गळ्यावरच्या खुणेची नोंद केली, पण गळ्याचे थर उलगडून आत रक्त साकळलं होतं का ते पाहिलं नाही. कंठास्थीबद्दल अहवालात ओळच नाही. मृत्यूचं कारण राखून ठेवलं, व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, तपासणीला पाठवला. बुडून मेली की मेल्यावर टाकली, हे शोधायला फुप्फुसाचे आणि हाडातल्या मज्जेचे नमुने घेऊन त्यात डायटम, म्हणजे पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ, बघतात. त्यासाठी त्याच विहिरीचं पाणीही जोडीला पाठवावं लागतं. ते पाणी कुणी घेतलं नाही. बाटलीभर पाणी! पुढं पोलिसांनी लेखी विचारणा केल्यावर डॉक्टरांनी गळा आवळल्याचं मत दिलं. उलटतपासणीत त्यांना विचारलं, "पाण्यात बुडून मृत्यू झाल्याची शक्यता आपण नाकारू शकता का?" ते म्हणाले, "पूर्णपणे नाकारता येत नाही." हे वाक्य निकालपत्रात ठळकपणे आलं आहे. खून झाला की नाही हेच जिथं डळमळीत झालं, तिथं तो कुणी केला हा प्रश्न पुढं सरकणार कसा?

तिसरी तक्रार मुद्देमालाची, आणि ही मला सगळ्यांत जास्त खुपते, कारण ही चूक टाळायला पैसा लागत नाही. मुलीची ओली साडी प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून गाठ मारली. तिची नखं कापून घेतली होती, ती पुडीही त्याच पिशवीत. गळा आवळताना बाई नखं मारते, समोरच्याच्या कातडीचे कण नखाखाली अडकतात. पाण्यात त्यातलं बरंच वाहून गेलं असेल, पण उरलंसुरलं या पिशवीनं संपवलं. ओलं कापड प्लास्टिकमध्ये बांधलं की बुरशी धरते, जिवाणू वाढतात आणि डीएनए नासतो. सावलीत वाळवायचं, कागदात गुंडाळायचं, प्रत्येक वस्तू वेगळ्या पाकिटात घालायची, हे एवढंच करायचं होतं. पुढं आरोपीचा सदरा जप्त झाला, त्यावर डाग होता, त्याचीही तीच गत. रासायनिक विश्लेषकाच्या अहवालात आलं : मानवी रक्त, रक्तगट ठरवता आला नाही. नखांबद्दल : डीएनए मिळाला नाही.

पाकिटं प्रयोगशाळेत गेली ती महिनोन्‌महिने ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत पडून राहिल्यावर. मधल्या काळात ती कुणाच्या ताब्यात होती, सील कसलं होतं, याची नोंद मुद्देमाल रजिस्टरात नीट नाही. ज्या शिपायानं पाकिटं नेली त्याची साक्षच घेतली नाही. मग बचाव पक्षाच्या वकिलानं म्हटलं की मधे छेडछाड झाली नसेल कशावरून, आणि न्यायालयाला ते मान्य करावं लागलं. वकिलानं त्यांचं काम केलं. त्यांच्या जागी मी असतो तरी हेच विचारलं असतं.

15 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं फाशीची शिक्षा झालेल्या एका आरोपीला सोडताना डीएनए नमुन्यांबद्दल देशभरासाठी सूचना दिल्या. नमुना घेतल्यापासून 48 तासांच्या आत तो प्रयोगशाळेत पोचला पाहिजे, उशीर झाला तर त्याचं कारण नोंदलं पाहिजे. नमुना कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेला याचं रजिस्टर खटल्याच्या शेवटापर्यंत ठेवलं पाहिजे. न्यायालयाच्या परवानगीशिवाय पाकीट उघडायचं नाही. या रजिस्टरचे नमुने पोलीस महासंचालकांनी तयार करून सर्व जिल्ह्यांना द्यायचे आहेत. आपल्या जिल्ह्यातल्या किती ठाण्यांत ते रजिस्टर आज टेबलावर आहे? छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड, दोन्ही ठिकाणी प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा आहेत. मराठवाड्यातल्या कुठल्याही ठाण्यातून सकाळी निघालेला माणूस संध्याकाळच्या आत यांतल्या एखादीच्या दारात पोचतो.

मोबाइलचं थोडक्यात सांगतो. आरोपीनं दाखवलेल्या जागेतून तिचा मोबाइल काढून दिला, असं पोलिसांचं म्हणणं. पण तो नेमकं काय बोलला, ते त्याच्या शब्दांत पंचांसमोर आधी लिहून घेतलेलं नव्हतं. पंच थेट जागेवरच बोलावले होते. सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये निवेदन पंचनामा कसा करायचा हे पायरीपायरीनं पुन्हा समजावून सांगितलं आहे, तसं इथं काहीच नव्हतं. कॉल रेकॉर्ड आणि टॉवरचं ठिकाण आरोपपत्राला जोडलं, पण अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या खरेपणाचा दाखला सोबत जोडला नाही. हा दाखला अनिवार्य आहे हे सांगणारा 2020 चा निकाल आपल्याच जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीच्या वादातून आला. दाखला राहिला असेल तर खटला संपेपर्यंत तो मागवता येतो, हेही त्यातच आहे. कुणी मागवला नाही. ज्या गुराख्यानं दोघांना शेवटचं सोबत पाहिलं म्हणे, त्याचा जबाब उशिरा घेतला, दंडाधिकाऱ्यांसमोर घेतलाच नाही, आणि कोर्टात तो फितूर झाला.

आता यातला एकेक दुवा घ्या आणि सारडा निकालाच्या पाच कसोट्यांपुढं ठेवा. एकही उतरत नाही. आई अपील करू शकते, कायद्यानं तिला तो हक्क दिला आहे. पण उच्च न्यायालयाच्या खंडपीठातही हेच कागद जाणार. नासलेली नखं अपिलात पुन्हा तपासता येत नाहीत.

कायदे कडक करा, फाशी द्या, प्रकरण फास्ट ट्रॅकवर घ्या, अशा घोषणा प्रत्येक खुनानंतर मोर्चात होतात. मी त्या मोर्चांत गेलो आहे. माझं मागणं त्याहून साधं आहे आणि ते आपल्या अधिकारातलं आहे. मंत्रालयाकडं बोट दाखवायची गरज नाही.

विहीर, शेततळं, आखाडा किंवा घरात संशयास्पद स्थितीत देह सापडला, विशेषतः बाईचा, तर नोंद आकस्मिक मृत्यूची असो वा नसो, शवविच्छेदनाचं मत येईपर्यंत ती जागा आणि आसपासचं बांधकाम गुन्ह्याची जागा समजून बंद ठेवा. चित्रीकरण करा आणि फॉरेन्सिक पथकाला बोलवा. तसा स्थायी आदेश प्रत्येक ठाण्याला लेखी द्या.

गळ्यावर खूण, अंगावर जखम किंवा सांगण्यात विसंगती असेल तर देह जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या न्यायवैद्यक विभागात पाठवा. छत्रपती संभाजीनगर, आंबाजोगाई, लातूर, नांदेड इथं असे विभाग वर्षानुवर्षं काम करत आहेत. देह नेण्यासाठी गाडीचा खर्च मुलीच्या बापाकडून मागू नका. तो आमच्याकडं मागितला गेला होता.

प्रत्येक ठाण्यात कपडे वाळवायला बंद, सावलीची जागा ठेवा. कागदी पाकिटं, लाख आणि सील कायम हाताशी ठेवा. 48 तासांचा नियम आणि ताब्याचं रजिस्टर यांची तपासणी आपल्या वार्षिक निरीक्षणात स्वतः करा.

खुनाचं आरोपपत्र न्यायालयात जाण्याआधी सरकारी अभियोक्त्याकडून साखळीचा एकेक दुवा तपासून घ्या. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचा दाखला, सीलची नोंद, निवेदन पंचनामा, महत्त्वाच्या साक्षीदाराचा दंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब, यातलं काय राहिलं ते तेव्हाच कळेल. नव्वद दिवसांची मुदत गाठायची घाई मला समजते. पण प्रयोगशाळेचा अहवाल मागाहून आला तरी तो पुरवणी आरोपपत्रानं वेळेत दाखल व्हावा, वर्षभरानं नव्हे.

तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताच्या घरच्यांना कळवणं आता कलम 193 नुसार बंधनकारक आहे. ते मराठीत, समजेल असं आणि लेखी कळवा. या आईला आरोपी सुटल्याचं गावातल्या पोरांच्या मोबाइलवरून कळलं.

आणि शेवटची मागणी. सर्वोच्च न्यायालयानं 7 जानेवारी 2014 रोजी गुजरात राज्य विरुद्ध किशनभाई या निकालात सांगितलं की आरोपी सुटला की प्रत्येक वेळी पोलीस आणि अभियोग विभागाच्या वरिष्ठांच्या समितीनं कारणं तपासावीत, तपासातली चूक निष्काळजीपणाची की अजाणता झालेली ते ठरवावं, निष्काळजीपणा असेल तर संबंधितावर विभागीय कारवाई करावी आणि त्या चुका तपास अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात घ्याव्यात. आपल्या जिल्ह्यात 2024 आणि 2025 या दोन वर्षांत खुनाच्या खटल्यांत किती आरोपी सुटले, त्यांतल्या किती निकालांचं असं परीक्षण झालं आणि त्यातून काय निघालं, हे प्रसिद्ध करा. साक्षीदारांची नावं झाका, आमची हरकत नाही. ज्या खटल्यात मी पंच होतो त्याचंही परीक्षण करा. समितीनं बोलावलं तर मी येईन आणि विहिरीवर व आखाड्यात जे पाहिलं ते पुन्हा सांगेन.

मला व्यक्तिशः उत्तर पाठवू नका. आपण ठाण्यांना जो आदेश काढाल त्याची प्रत पोलीस पाटलांच्या बैठकीत वाचून दाखवा आणि प्रत्येक ठाण्याच्या फलकावर लावा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक आणि सरकारी पंच